धर्मग्रंथ आणि इतिहासप्रामाण्य : झाडींतील पुराव्याच्या आधारें एक विचार

१. प्रश्नाचें स्वरूप

धर्मग्रंथ हा इतिहास म्हणून विश्वासार्ह मानावा कीं नाहीं, हा प्रश्न आमच्याकडे बहुधा दोन टोकांवरून सोडविला जातो. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, जें पोथींत लिहिलें तें घडलेंच. त्यास वेगळा पुरावा मागणें हा श्रद्धेचा अधिक्षेप होय. दुसरा पक्ष पुराणांतलीं वांगीं पुराणांत, असें म्हणून पोथीचें बासन न सोडतांच बाजूस सारतो. दोन्ही पक्षांस एक मोठी सोय आहे. ती ही कीं, दोघांसही पोथी वाचावी लागत नाहीं. पहिला तिला नमस्कार करून थांबतो, दुसरा तिला हंसून थांबतो.

पुणें-साताऱ्याकडे हा वाद कांहींसा तात्त्विक वाटेल. तेथील अभ्यासकास वाड्यावाड्यांतून रुमाल, महजर व करीने सांपडतात; पोथी बाजूस ठेविली तरी त्याचें काम अडत नाहीं. परंतु सिहोऱ्यासारख्या ठिकाणीं बसून विचार केला म्हणजे त्याच प्रश्नास निकड येते. सिहोरा हें भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांतील गांव. जवळ चांदपूरचा तलाव. एका अंगास वैनगंगा, दुसऱ्या अंगास तिला मिळणारी बावनथडी. आणि बावनथडीपलीकडे बालाघाट जिल्हा. या सर्व भूभागास पूर्वापार झाडी म्हणतात. अठराव्या शतकापूर्वींच्या झाडीविषयीं लेखी म्हणून जें हातीं लागतें तें मुख्यतः दोन प्रकारचें. एक, थोडे ताम्रपट व शिलालेख. दुसरें, पुराणें, क्षेत्रमाहात्म्यें व पंथीय चरित्रें. दुसरा प्रकार टाकून द्यावा तर राजांच्या दानांपलीकडे बोलण्यासारखें फार थोडें उरतें. जशाचा तसा स्वीकारावा तर इतिहासाच्या नांवाखालीं चमत्कारांची यादी तयार होते. म्हणून आम्ही येथें सिद्धांतचर्चा न करितां, या प्रदेशाशीं निगडित अशीं कांहीं वचनें घेऊन तीं प्रत्यक्ष पुराव्यापुढें उभीं करणार आहों. त्यांतून नियम निघतील ते आपोआप निघोत.

२. पुराणांतील भविष्य आणि वाकाटकांचे ताम्रपट

प्रथम पुराणांकडे पाहूं. कारण इतिहासकारांनीं सर्वांत अधिक उपहास त्यांचाच केला आहे. पुराणांतील कलियुगीन राजवंशांचें वर्णन भविष्यकाळीं केलेलें आहे. अमुक राजा होईल, तो इतकीं वर्षें राज्य करील, अशी त्याची भाषा. घडून गेलेली गोष्ट व्यासांच्या मुखीं भविष्य म्हणून घालावयाची, ही रचनाच कृत्रिम आहे, हें उघड आहे. इंग्रज पंडित पार्गिटर यांनीं १९१३ सालीं या सर्व वंशावळींचे पाठ निरनिराळ्या पोथ्यांवरून ताडून एकत्र प्रसिद्ध केले, तेव्हां त्यांतील गोंधळही लख्ख दिसला. आंध्र अर्थात् सातवाहन राजांची संख्या व कालमान मत्स्यपुराणांत एक, तर वायुपुराणांत दुसरें.

तथापि याच वंशावळींत विंध्यशक्ति व त्याचा पुत्र प्रवीर यांचीं नांवें येतात. प्रवीर साठ वर्षें राज्य करील, वाजपेय यज्ञ करील व त्याचे चार पुत्र राजे होतील, असें तेथें म्हटलें आहे. आतां सिहोऱ्याहून बावनथडी ओलांडली कीं बालाघाट जिल्ह्यांत तिरोडी लागतें. तेथें वाकाटक नृपति दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सांपडला व तो महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं संपादिला. या वंशाच्या ताम्रपटांत मूळ पुरुषांपैकीं पहिल्या प्रवरसेनाच्या यज्ञांची यादी असते. तींत चार अश्वमेधांबरोबर वाजपेयही आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील लेखांत विंध्यशक्तीचें नांव वंशाच्या आरंभीं येतें. पुराणांतला प्रवीर म्हणजेच पहिला प्रवरसेन, याविषयीं विद्वानांत आतां एकवाक्यता आहे.

याहून लक्षणीय गोष्ट चार पुत्रांची. नंदिवर्धनच्या शाखेचे ताम्रपट पाहतां प्रवरसेनाचा गौतमीपुत्र हा एकच पुत्र ठाऊक होता, व त्याच्या मागून राज्य नातवाकडे गेलेलें दिसत होतें. तेव्हां चार पुत्रांचें वचन पुराणकाराची कल्पना ठरविणें सोपें होतें. १९३९ सालीं वाशीमचा ताम्रपट उजेडांत आला, आणि प्रवरसेनाचा सर्वसेन नांवाचा दुसरा पुत्र व त्यानें वत्सगुल्मास स्थापिलेली स्वतंत्र शाखा एकदम पुढें आली. राज्य पुत्रांत विभागलें गेलें, हें पुराणाच्या वचनाचें तात्पर्य त्यामुळें खरें ठरलें.

परंतु येथेंच थांबून सावध झालें पाहिजे. तात्पर्य खरें ठरलें म्हणून चार हा आंकडा सिद्ध झाला असें नव्हे. ताम्रपटांच्या आधारें दोनच पुत्र उभे राहतात. साठ वर्षांचा काळ खरा असूं शकेल. पण विंध्यशक्तीच्या नांवापुढें ९६ वर्षांचा आंकडा येतो, तो एका पुरुषाच्या राज्याचा धरणें कठीण. तेव्हां एकाच श्लोकसमूहांत नांव खरें, यज्ञ खरा, विभागणी खरी, संख्या संशयित व भविष्याचें रूप कृत्रिम, असे पांच निरनिराळे निकाल आम्हांस द्यावे लागतात. पुराण खरें कीं खोटें, या प्रश्नास एका शब्दाचें उत्तर नाहीं, तें यामुळें. ग्रंथ ही साक्षीदारांची मोट आहे. प्रत्येकास वेगळें उलटतपासणीस उभें केलें पाहिजे.

३. शिळेवरची दंतकथा

येथें कोणी म्हणेल कीं, ताम्रपट व शिलालेख हीं खरीं साधनें, आणि पोथी त्यांच्या आधारानें उभी राहिली तरच घ्यावी. हा भेद वरवर बिनतोड दिसतो. पण रामटेकानें तो कधींच मोडून ठेविला आहे.

ऋद्धपूर येथें मिळालेल्या ताम्रपटांत वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिनें आपलें दान रामगिरिस्वामीच्या पादमूलापाशीं राहून दिल्याचें नमूद आहे. रामगिरि म्हणजे आजचें रामटेक, हें मत मिराशींनीं सविस्तर प्रतिपादिलें आहे. इसवीच्या पांचव्या शतकाच्या पूर्वार्धांत रामगिरीवर विष्णूच्या पादुकांची पूजा चालत होती आणि राजघराण्याची तेथें भक्ति होती, एवढें या ताम्रपटानें निःसंशय सिद्ध होतें. रामचंद्र वनवासांत येथें आले होते, हें मात्र त्यानें सिद्ध होत नाहीं. राणीची श्रद्धा हें इतिहासांतील सत्य आहे. श्रद्धेचा विषय हा वेगळा प्रश्न आहे.

पुढें यादव रामचंद्राच्या काळीं, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास, रामटेकच्या लक्ष्मणमंदिरांत एक मोठा संस्कृत लेख कोरला गेला. त्यांत यादवांच्या वंशाचें वर्णन आहे आणि क्षेत्राचें माहात्म्यही आहे. रामाच्या खड्गानें मरण पावून शंबूकास येथें सद्गति मिळाली, ही कथाही त्यांत आहे. आतां हा लेख कठीण पाषाणावर कोरलेला, राजाच्या काळाशीं समकालीन, कोणीही नक्कलनवीस मध्यें न आलेला. लेखविद्येच्या सर्व कसोट्यांस तो उतरतो. म्हणून शंबूकाची कथा रामटेकास घडली असें मानावयाचें काय? कोणताही समंजस अभ्यासक तसें मानणार नाहीं. तो एवढेंच म्हणेल कीं, यादवकाळीं ही कथा या टेकडीशीं जोडली गेली होती, व तिला येवढी प्रतिष्ठा होती कीं ती मंदिरांत कोरावीशी वाटली.

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण भागांतील पवनी येथेंही तोच धडा मिळतो. १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व विभाग यांनीं तेथें उत्खनन केलें. इसवी सनापूर्वींच्या बौद्ध स्तूपांचे अवशेष व त्यांचीं शिल्पयुक्त कठड्यांचीं अंगें निघालीं. त्यांत मुचलिंद नागाचें नांव कोरलेलें शिल्प आहे. बोधीनंतर पावसांत बुद्धावर फणा धरणारा हा नाग बौद्ध ग्रंथांत प्रसिद्ध आहे. त्या शिल्पामुळें नागानें फणा धरला हें सिद्ध झालें नाहीं. परंतु ती कथा वैनगंगेच्या कांठीं इतक्या प्राचीन काळीं परिचित होती, हें ग्रंथांच्या कालनिर्णयाच्या दृष्टीनें बहुमोल ज्ञान मिळालें. धर्मकथेचा इतिहासास होणारा पहिला उपयोग हा असा असतो. ती अमुक काळीं, अमुक स्थळीं, अमुक लोक मानीत होते, ही गोष्ट स्वतःच एक घटना आहे.

तेव्हां माध्यम हें प्रामाण्याचें गमक नव्हे. शिळेवर दंतकथा असूं शकते, आणि ताडपत्रावर वा कागदावर काल दुपारचें जेवण जसें झालें तसें नोंदलेलें असूं शकतें. या दुसऱ्या प्रकाराचें मराठींतील सर्वांत मोठें उदाहरण लीळाचरित्र होय.

४. लीळाचरित्राची साक्ष

महानुभाव पंथाचा हा आद्य ग्रंथ. श्रीचक्रधरस्वामी हे अनुयायांस साक्षात् परमेश्वरावतार; म्हणून त्यांचें चरित्र हा केवळ चरित्रग्रंथ नसून धर्मग्रंथ आहे, आणि स्वामींचीं वचनें ज्यांत एकत्र केलीं तो केसोबासांचा सूत्रपाठही त्यांतूनच सिद्ध झाला आहे. असा ग्रंथ इतिहास म्हणून वाचावा कीं नाहीं, या प्रश्नास मराठींत याहून चांगली कसोटी मिळणार नाहीं.

ग्रंथ कसा झाला तें पाहिलें पाहिजे. स्वामींच्या प्रयाणानंतर, तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणांत, ऋद्धिपुरीं म्हाइंभटांनीं या लीळा एकत्र केल्या. नागदेवाचार्य सांगत व म्हाइंभट लिहून घेत. पण तेवढ्यावर त्यांनीं समाधान मानिलें नाहीं. जी लीळा ज्या व्यक्तीच्या समक्ष घडली तिला गांठून, तिच्या तोंडून ती ऐकून मग ती नोंदिली, अशी परंपरा आहे. त्या साक्षीदारांत स्त्रियाही होत्या. महदाइसा तर जिज्ञासेविषयीं प्रसिद्धच आहेत. महीपतींचा भक्तविजय १७६२ सालचा. नामदेव-ज्ञानदेवांच्या काळाहून तो सुमारें साडेचार शतकें दूर. म्हाइंभट आपल्या चरित्रनायकाहून केवळ थोड्या वर्षांच्या अंतरावर उभे आहेत. दोन्ही ग्रंथ भक्तीनेंच लिहिलेले. पण साक्षीदार म्हणून दोघांची योग्यता एक नाहीं. इस्लामी विद्वानांनीं पैगंबरांच्या वचनांची पारख करितां सांगणाऱ्यांची सांखळी अर्थात् इस्नाद तपासण्याचें शास्त्र उभारिलें. म्हाइंभटांच्या पद्धतींत त्या शास्त्राचा विस्तार नाहीं, पण कोणी पाहिलें, कोणी ऐकिलें, हा मूळ प्रश्न तोच आहे.

आतां भंडाऱ्याकडे येऊं. निळभट भांडारेकार हे भंडाऱ्याचे विद्वान ब्राह्मण. तेथें त्यांस स्वामींचें दर्शन घडलें आणि ते घरदार सोडून त्यांच्यामागें निघाले, असें लीळाचरित्र सांगतें. भंडारा हें त्या काळीं नामांकित गांव होतें काय? रतनपूरच्या कलचुरि राजा पहिला जाजल्लदेव याच्या कलचुरि संवत् ८६६, म्हणजे इ. स. १११४, च्या शिलालेखांत त्यास कर देणाऱ्या मंडलांमध्यें वैरागर, लांजिका व भाणार हीं नांवें आहेत. वैरागर म्हणजे वैरागड, लांजिका म्हणजे बालाघाट जिल्ह्यांतील लांजी, आणि भाणार म्हणजे भंडारा. स्वामी येथें येण्यापूर्वीं सुमारें दीड शतक हें स्थळ मंडलाचें ठाणें म्हणून ओळखलें जात होतें. तेथें शास्त्राध्ययन केलेला ब्राह्मण असणें, हें स्वाभाविक आहे. शिलालेख निळभटांविषयीं एक अक्षर बोलत नाहीं. पण ज्या गांवांत त्यांस ग्रंथ उभे करितो तें गांव खरें आहे व तसेंच आहे.

आणखी एक गोष्ट. स्वामींचें पूर्वाश्रमींचें चरित्र, म्हणजे भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव याच्या देहांत द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनीं प्रवेश केला, ही कथा इतिहासाच्या मापांत येत नाहीं. ती पंथाच्या अवतारसिद्धांताचा भाग आहे व तेथेंच तिचा मान आहे. परंतु त्याच कथेंत हरिपाळदेव रामयात्रेच्या निमित्तानें, म्हणजे रामटेकास जावयाचें म्हणून, गुजरातेंतून निघतात. कथा सांगणारा हें निमित्त समजावून सांगत बसत नाहीं. ऐकणाऱ्यास तें विश्वसनीय वाटेल, हें तो गृहीत धरितो. गुजरातेंतील राजपुरुषानें रामटेकची यात्रा करावी, हें तेराव्या शतकांतील विदर्भीय श्रोत्यास नवल वाटण्याजोगें नव्हतें, एवढा निष्कर्ष त्यांतून निर्भयपणें काढतां येतो. ग्रंथकार जें सिद्ध करूं इच्छितो त्यापेक्षां तो जें सहज बोलून जातो, तें इतिहासास अधिक उपयोगी पडतें.

लीळाचरित्रांत असें सहज बोललेलें अपार आहे. देवळाच्या पटिशाळेंत कोण उतरलें, उपाहारास काय होतें, दाम किती व आसु किती, कोणत्या वेशीनें गांवांत शिरले, कोणत्या जातीच्या माणसाशीं काय बोलणें झालें, हें सारें तेथें आहे. मुनिव्यास कोठी यांची स्थानपोथी तर स्थळांची दिशावार नोंदच देते. देऊळ कोणत्या मुखाचें, मठ त्याच्या कोणत्या बाजूस, हें पाहून आजही शोधक त्या स्थळीं उभा राहूं शकतो. डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांनीं हें काम केलें, आणि पुढें ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीनें ऋद्धिपूरचरित्राचें भाषांतर व महाराष्ट्रांतील तीर्थस्थळांचा अभ्यास करितांना याच सामग्रीचा उपयोग केला. चमत्कार सांगणाऱ्या माणसास दिशा खोटी सांगण्याचें कारण नव्हतें. कारण त्या स्थानीं नमस्कारास जाणारा भक्तच ती दुसऱ्या दिवशीं पडताळून पाहणार होता. श्रद्धा ही येथें अचूकतेची शत्रु नसून राखणदार झाली आहे.

५. पक्षपाताची परीक्षा

परंतु जेथें पंथाचा हितसंबंध येतो तेथें कसोटी कडक केली पाहिजे. हेमाद्रि पंडिताचें उदाहरण घ्यावें. महानुभाव ग्रंथांतील त्याचें चित्र अत्यंत प्रतिकूल आहे. पंथाच्या छळाचा दोष त्याच्याकडे जातो. उलट हेमाद्रीच्या स्वतःच्या चतुर्वर्गचिंतामणींत त्याची प्रशस्ति धर्मनिष्ठ, दानशूर पुरुषाची आहे. शके ११९४, म्हणजे इ. स. १२७२, च्या ठाणें येथील ताम्रपटांतही त्याची थोरवी गायिली असून झाडीमंडळावरील त्याच्या विजयाचा उल्लेख आहे. सिहोरा-भंडाऱ्याच्या वाचकानें हा उल्लेख विशेष ध्यानांत ठेवावा. कारण या प्रदेशाचें नांव त्यांत आलें आहे, तें जिंकणाऱ्याच्या तोंडून आलें आहे. जिंकलेल्यांची बाजू त्या ताम्रपटांत नाहीं.

तेव्हां हेमाद्रीविषयीं मित्र व शत्रु दोघेही पक्षपाती साक्षीदार आहेत. दोघे ज्यावर एकमत आहेत, म्हणजे महादेव व रामचंद्र या दोन यादवांच्या काळीं तो अत्यंत प्रबळ अधिकारी होता, तें निश्चित. दोघे ज्यावर भांडतात, म्हणजे त्याच्या मनांतील हेतु, तेथें न्यायाधीश होण्याची घाई करूं नये. राजप्रशस्तीस प्रमाण मानून पंथग्रंथास दंतकथा ठरविणें, हाही एक पक्षपातच आहे. कारण प्रशस्ति हीदेखील एका दैवताची आरतीच असते, फक्त तें दैवत वेतन देणारें असतें.

याच्या उलट उदाहरण देवगिरीच्या राज्यक्रांतीचें. १२७१ सालीं महादेवाचा पुत्र आमण यास पदच्युत करून रामचंद्र गादीवर आला. नाट्याच्या मिषानें आपलीं माणसें किल्ल्यांत शिरवून त्यानें देवगिरी घेतली, अशी हकीकत महानुभावांच्या भानुविलास ग्रंथांत आहे. एखाद्या आख्यानांत शोभावी अशीच ही गोष्ट; एरवीं कोणीही तिला कल्पित म्हटलें असतें. पण रामचंद्राच्याच शके १२३२, म्हणजे इ. स. १३१०, च्या पुरुषोत्तमपुरी ताम्रपटांशीं तिचा मेळ बसतो. या घटनेंत पंथास कांहीं मिळवावयाचें वा लपवावयाचें नव्हतें. म्हणून स्मृति शुद्ध राहिली. जेथें स्वार्थ नाहीं तेथें स्मरण बलवत्तर, हा नियम यावरून घालून द्यावासा वाटतो.

६. पोथीची स्वतःची हकीकत

आतां संग्राहकांस विशेष महत्त्वाचा असा मुद्दा. आमच्यापुढें आज जें लीळाचरित्र आहे तें म्हाइंभटांच्या हातचें नव्हे. यादवसत्तेच्या ऱ्हासकाळच्या धामधुमींत मूळ प्रत गेली, आणि ज्यांस ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्या स्मरणावरून तो पुन्हां सिद्ध केला गेला, अशी पंथाचीच परंपरा आहे. म्हणून निरनिराळ्या आम्नायांच्या प्रतींत लीळांची संख्या, क्रम व शब्द यांत भेद पडतात. एखाद्या उतावीळ टीकाकारास यांत ग्रंथाच्या अविश्वसनीयतेचा पुरावा दिसेल. आम्हांस उलट दिसतें. हीराइसा, रामेश्वरबास, परशरामबास यांच्या नांवें जे निरनिराळे शोध पोथ्यांतून नोंदलेले आढळतात, ते या पंथीयांनीं मतभेद झांकून ठेविले नाहींत याची साक्ष देतात. अमक्याचा पाठ असा, तमक्याचा तसा, हें लिहून ठेवणारा लेखक आपल्या दैवताविषयीं लिहीत असतांही साक्षीदाराची मर्यादा जाणत होता. आधुनिक संपादक जें पाठभेदांच्या टीपांतून करितो, तें त्यानें परमेश्वराच्या चरित्रांत केलें.

पंथाच्या सकळ, सुंदरी आदि लिप्यांचाही येथें विचार केला पाहिजे. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं सकळ लिपीचा उलगडा करीपर्यंत हें वाङ्मय पंथाबाहेरील विद्वानांस जवळजवळ बंद होतें. त्यापुढें यशवंत खुशाल देशपांडे, हरि नारायण नेने, वामन नारायण देशपांडे व कोलते अशा वैदर्भीय अभ्यासकांनीं पोथ्या मिळविल्या, वाचल्या व छापल्या. नेन्यांच्या लीळाचरित्राचे भाग १९३६ पासून नागपुरांतून निघूं लागले, आणि कोलत्यांची आवृत्ति १९७८ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केली. सांकेतिक लिपीमुळें परक्यांच्या भरती टळल्या, हा लाभ; पण आंतल्या आंत सिद्धांतास अनुसरून केलेली दुरुस्ती त्या लिपीनें टळत नाहीं, ही मर्यादा. लिपी ही कुलूप आहे, साक्षीदार नव्हे.

यावरून ज्यांच्या हातीं पोथ्या येतात त्यांच्यावर मोठी जबाबदारी पडते. ग्रंथ केव्हां रचला आणि ही प्रत केव्हां उतरली, हीं दोन तारखांचीं कलमें नेहमीं वेगळीं लिहावीं. पुष्पिकेंतील शक, संवत्सर, तिथि व लेखकाचें नांव जसेंच्या तसें उतरून घ्यावें. अशुद्ध दिसलें तरी शुद्ध करूं नये, कारण अशुद्धींतच प्रादेशिक उच्चार सांपडतो, आणि झाडीबोलीच्या इतिहासास असें प्रत्येक अक्षर हवें आहे. समासांतील हरताळ, खाडाखोड व शोध यांची नोंद संहितेइतकीच काळजीपूर्वक करावी. पोथी कोणत्या मठांतून वा घराण्याच्या परंपरेंतून आली, हें बासनावरच लिहून ठेवावें. एकदां बाड फुटून पानें विखुरलीं म्हणजे साक्षीदारांची सांखळी तुटली. आणि विकत घेणाऱ्यानें सचित्र पान तेवढें काढून बाकीचें टाकून देऊं नये. इतिहास बहुधा त्या बाकीच्यांत असतो.

७. निष्कर्ष

आतांपर्यंतच्या विवेचनाचें सार थोडक्यांत मांडतों. धर्मग्रंथ समग्र प्रमाण किंवा समग्र अप्रमाण नसतो. प्रमाण अथवा अप्रमाण असतें तें त्यांतील एकेक विधान. त्या विधानास चार प्रश्न विचारावे. सांगणारा घटनेच्या किती जवळ होता? तें तसें असण्यांत त्याच्या पंथाचें कांहीं हित होतें काय? त्याच्याशीं संबंध नसलेला दुसरा साक्षीदार काय म्हणतो? आणि तें विधान आपल्यापर्यंत कोणाकोणाच्या हातांतून आलें? हे चार प्रश्न ताम्रपटास, बखरीस व राजप्रशस्तीसही तितक्याच निष्ठुरपणें विचारले पाहिजेत. निष्ठुरपणा फक्त पोथीच्या वांट्यास येतो, हाच अन्याय आहे.

भाविकास यांत भिण्याचें कारण नाहीं. स्वामींच्या अवतारित्वाचा निर्णय भाणारच्या शिलालेखावर अवलंबून नाहीं, आणि रामाची थोरवी रामगिरीच्या पादुकांच्या कालनिर्णयानें वाढत वा घटत नाहीं. जो आपल्या श्रद्धेस ताम्रपटाचा टेंकू देऊं पाहतो, तो उद्यां दुसरा ताम्रपट निघाला कीं ती डळमळूं देण्याचीही तयारी करीत असतो. टीकाकारासही एक सांगणें आहे. झाडीच्या प्रदेशांत तेराव्या शतकांत माणसें काय खात, कोठें उतरत, परक्याशीं कसें बोलत, हें त्यास राजाच्या दानपत्रांत कधींच मिळणार नाहीं. दानपत्रांत गांवाच्या सीमा असतात. गांवांतलीं माणसें असतात तीं चरित्रांत.

आमचें शेवटचें मागणें व्यवहाराचें आहे. जीर्ण झालेली पोथी नदींत सोडावी, अशी चाल आपल्याकडे जुनी आहे, व तिच्यामागील पूज्यभाव आम्ही जाणतों. तुमसर, सिहोरा, भंडारा, पवनी या भागांतील ज्या घरांतून व मठांतून अशीं बासनें असतील, त्यांच्या धन्यांनीं तीं वैनगंगेस अर्पण करण्यापूर्वीं एकवार वाचणाऱ्याच्या हातीं द्यावीं, निदान त्यांची पानवार छायाचित्रें घेऊं द्यावीं. पूज्य वस्तु म्हणून तिचा मान राहील, आणि साक्षीदार म्हणून तिचें म्हणणें ऐकून घेतलें जाईल. साक्ष न घेतांच साक्षीदारास निरोप देणें, हें श्रद्धेच्या कोणत्याही शास्त्रांत सांगितलेलें नाहीं, आणि इतिहासाच्या तर नाहींच नाहीं.